दळणाच्या खोलीतली आई

सेबियो तोसा हा माणूस मुलखाचा अबोल. गावात चार जण जमले आणि बोलायची पाळी त्याच्यावर आली, की तो खिशात किल्ल्या शोधायला लागे. पण सांता रोसालिया ह्या ओसाड गावाच्या अवशेषांपाशी डोक्यावर गवती टोपी चढवून उभा राहिला आणि पुढ्यात पंधरावीस परके लोक आले, की त्याला कंठ फुटायचा. त्याच्या आईला ह्याचं भारी नवल वाटे. "घरात मीठ दे म्हणायला ह्याचं तोंड उघडत नाही," ती म्हणायची, "आणि तिकडे टेक्सासच्या बायकांपुढे पोपटासारखा बोलतो. पगार दिला की जीभ सुटते वाटतं!"

सांता रोसालिया हे आमच्याच, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, वाडवडिलांचं गाव. दुष्काळ, देवीची साथ आणि धाडी ह्यांना कंटाळून उरलेसुरले लोक नदीच्या खालच्या अंगाला, आता आम्ही राहतो तिथे आले, त्याला कितीतरी पिढ्या झाल्या. मागे राहिल्या त्या दगडी खोल्यांच्या कमरेएवढ्या भिंती आणि स्पॅनिश पाद्र्यांनी आमच्याच हातांनी बांधून घेतलेलं लाल मातीचं चर्च. चर्चचं छप्पर केव्हाच गेलं. भिंती मात्र अजून आभाळाला टेकल्यात. सरकारने तिथे तिकीट लावलं, पायवाटा केल्या आणि माहिती सांगायला आमच्यातलेच दोन-तीन जण नेमले. त्यांत सेबियो सगळ्यांत जुना.

बाकीचे वाटाडे सनावळ्या सांगत. सेबियो आई सांगे. लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत, पन्नाशी उलटली तरी आईच्या हातचं जेवणारा माणूस तो. दुसरं काय सांगणार? चर्चसमोर उभा राहून तो म्हणे, "माझी आई विचारते, पाद्र्याला एवढ्या उंच भिंती कशाला हव्या होत्या? देवाला काय वाकता येत नाही?" लोक हसत. पुढे फळझाडांची जुनी वाडी लागे. तिथे तो म्हणे, "स्पॅनिश लोकांनी आमचं काय काय केलं ते तुम्ही फलकावर वाचलंच असेल. माझी आई म्हणते, त्यांना सांगा, बाकी सगळं परत न्या, पीच तेवढे राहू द्या." आणि शेवटी दळणाची खोली. जमिनीत ओळीने बसवलेले तीन पाटे, एक खरबरीत, एक मध्यम, एक गुळगुळीत. बायका गुडघ्यांवर बसून मका रगडायच्या आणि पुरुष दारात बसून गाणं म्हणायचे. "आई म्हणते, गाणारा बेसूर असला की पीठ जाडंभरडं निघतं. माझ्या वडिलांच्या काळात आम्ही फार जाडं पीठ खाल्लं."

ह्या वाक्यावर हशा ठरलेला. तोवर लोकांना म्हातारी दिसायला लागलेली असे. जाताना कितीतरी जण सांगत, तुमच्या आईला आमचा नमस्कार सांगा. तो घरी येऊन सांगायचा. म्हातारी नाक मुरडायची आणि मनातून खूश व्हायची.

जानेवारीत ती गेली. छातीत कफ साठला, आठवडाभर खोकली आणि गेली. तिचं नाव मी इथे घेणार नाही. आमच्यात गेलेल्या माणसाला चौथ्या दिवशी निरोप देतात. तेव्हा काय करतात ते चारचौघांत सांगायचं नसतं. एवढं सांगता येईल, की त्या दिवशी तिला सांगतात, आता जा, आम्ही हाक मारणार नाही. मग खरंच हाक मारायची नाही. तिचे कपडे वाटून टाकायचे, तिची भांडी फोडायची, तिला घरात धरून ठेवील असं काही उरू द्यायचं नाही. हाक ऐकू आली की वाटेवरचा माणूस थांबतो, मागे वळतो, आणि मग ना इकडचा ना तिकडचा होतो. हे सगळं तिच्या धाकट्या बहिणीने, क्रेसेन्सिया मावशीने, नीट निगुतीने केलं. सेबियो सांगेल ते करत गेला. रडलाही नाही फारसा.

महिन्याभराने तो कामावर गेला. भिंतींच्या कोपऱ्यांत बर्फ साचलेलं होतं, समोर नाकं लाल झालेले आठ पाहुणे. फिरत फिरत सगळे दळणाच्या खोलीत आले आणि सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "माझी आई म्हणते..." त्याने जीभ चावली. पण पाहुण्यांना काय माहीत? ते हसले. एका गृहस्थाने विचारलं, "किती वय हो तुमच्या आईचं?" सेबियोने वय सांगितलं. आणि न विचारता पुढे म्हणाला, "ठणठणीत आहे. आज सकाळीच माझ्या टोपीवरून बोलली मला."

बोलून झालं आणि त्याला इतकं बरं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली.

माणसं दारू पितात, पत्ते कुटतात. सेबियोला हे व्यसन लागलं. रोज दोन फेऱ्या, आणि दोन्ही फेऱ्यांत म्हातारी जिवंत. पहिल्यांदा तो तिची जुनीच वाक्यं सांगत होता. मग ती पुरेनात. मार्चच्या फेऱ्यांत ती बर्फावरून घसरून पडली, गुडघा सुजला, आणि "तू वाटेवर मीठ टाकलं नाहीस म्हणून" असं म्हणून तिने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. एप्रिलमध्ये ती बरी झाली. मे महिन्यात बहिणीच्या पावाला नावं ठेवून तिच्याशी भांडली. घरी कुलूप उघडून तो आत शिरे तेव्हा घर गार असे, चूल गार असे, आणि तो दुसऱ्या दिवशीच्या फेरीची वाट बघत बसे.

इकडे मावशीचं वेगळंच सुरू झालं होतं. ती एका सकाळी कॉफीचा पेला हातात घेऊन त्याच्या दारात आली आणि नुसती बसून राहिली.

"झोपली नाहीस का?" सेबियोने विचारलं.

"ती येते रे स्वप्नात." मावशीने आवाज खाली आणला. "दाराबाहेर उभी असते. आत ये म्हटलं तर येत नाही, जा म्हटलं तर जात नाही. पाय धुळीने हे एवढे भरलेले. पाणी मागते. मी पाणी आणायला वळले की जाग येते."

"स्वप्नच आहे, मावशी."

"मला नको शिकवू स्वप्न कशाला म्हणतात ते! काहीतरी राहिलंय तिचं घरात. माझ्याकडून चुकलंय."

मग मावशीने घर पालथं घातलं. चुलीमागची माती उकरली. फळीच्या फटीत बहिणीच्या निळ्या सदऱ्याचं एक बटण सापडलं, ते लांब नेऊन पुरलं. भाचीला दिलेली शाल परत मागून घेतली आणि दुसऱ्याच गावच्या बाईला देऊन टाकली. भाची रुसली. जाणत्या म्हाताऱ्यांकडे जाऊन जे करायचं ते पुन्हा करून आली. तरी आठ-पंधरा दिवसांनी म्हातारी येतच राहिली, त्याच दारात, तसेच पाय घेऊन. मावशीचं अन्न तुटलं. गालफडं बसली. "पाठुंगळीवर घेऊन वाढवलं तिने मला," ती म्हणायची, "आणि मला तिला धड वाटेलाही लावता आलं नाही. कसली बहीण मी!"

सेबियो मान खाली घालून कॉफी ढवळत बसे. चूक कुणाची ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हातारीला कोण थांबवतंय, कोण रोज दोनदा हाका मारून तिला त्या उन्हात परत आणतंय, हे माहीत होतं. उद्यापासून बंद, असं तो रोज ठरवी. दुसऱ्या दिवशी दळणाच्या खोलीत पाय ठेवला की वाटे, आजच्या दिवस. आपण थांबलो की ती मग कुठेच असणार नाही, ह्या एका विचाराने तो पुन्हा तोंड उघडे. मावशी डोळ्यांदेखत वाळत चालली होती आणि तो तिला पाव खा, झोप काढ, असं सांगत होता. निर्दयपणाच हा. पण तो त्याच्या हातून झाला, आणि त्याचं त्याला रोज वाईट वाटलं, हेही खरं.

उन्हाळा सरताना सांता रोसालियाचा सण येतो. त्या दिवशी सगळं गाव जुन्या गावी जातं. बिनछपराच्या चर्चमध्ये प्रार्थना होते, अंगणात नाच होतो, मग लाल मिरचीचा रस्सा आणि भट्टीतला पाव. पाहुण्यांचीही झुंबड उडते. नाच आटोपल्यावर सेबियोने दुपारची फेरी काढली, तर गर्दीतून एक जाडगेली बाई हात हलवत पुढे आली.

"ओळखलं का? कॅन्ससची वर्ना! एप्रिलमध्ये आले होते मी." तिने पिशवीतून एक डबी काढली. "आईंचा गुडघा कसा आहे? तुम्ही सांगितल्यापासून माझ्या डोक्यात होतं. हे मलम आणलंय, माझ्या आजीची कृती. रात्री चोळायचं आणि वर गरम फडकं बांधायचं."

तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. "बरा आहे," सेबियो म्हणाला, आणि लोकांना घेऊन पुढे निघाला.

चर्च झालं, पीचची वाडी झाली. दळणाच्या खोलीशी वळला आणि त्याचे पाय थबकले. भिंतीच्या सावलीत, पाट्यांच्या शेजारी, पावाची टोपली मांडीजवळ घेऊन क्रेसेन्सिया मावशी बसली होती. तेच नाक. तसाच हनुवटीखाली गाठ मारलेला रुमाल.

"अगबाई! ह्याच का तुमच्या आई?" वर्ना तिच्याकडे धावलीच. तिने मावशीचा हात हातात घेतला. "इतकं ऐकलंय तुमच्याबद्दल! मार्चमध्ये बर्फावरून पडलात ना? माझी नणंद इथे जूनमध्ये येऊन गेली, ती सांगत होती, बहिणीच्या पावावरून तुमचं भांडण झालं म्हणे. क्रेसेन्सिया की कोण ती. पोट धरून हसलो आम्ही!"

मावशीला इंग्रजी चांगलं कळतं. ती सेबियोकडे बघत होती.

"ती क्रेसेन्सिया मी," ती म्हणाली. "माझी बहीण जानेवारीत गेली."

वर्नाने हात सोडला नाही, पण तिचं तोंड एवढंसं झालं. मागचे लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मावशी मग आमच्या भाषेत बोलली, सावकाश.

"तू होतास होय."

"मावशी..."

"मी चूल उकरली. बटण पुरलं. पोरीच्या अंगावरची शाल काढून घेतली. तू रोज सकाळी माझ्यासमोर बसून कॉफी प्यायलास आणि इथे येऊन तिला उभी करत होतास. ह्या लोकांच्या पुढे!"

"तासभरच, मावशी. तासभर असायची ती."

"तासभर तुझ्याकडे. मग उरलेला दिवस कुठे जाते ती? परत पहिल्यापासून चालायला लागते. पाय बघितलेत मी तिचे. तू नाही बघितलेस."

सेबियोच्या हातातली टोपी खाली पडली, ती त्याने उचलली नाही. मावशी आणखी काही बोलेल, शिव्या घालेल, म्हणून तो उभा होता. टोपलीवरचं फडकं तिने सारखं केलं, पुन्हा सारखं केलं, आणि मग अगदी लहान आवाजात तिने विचारलं, "काय म्हणाली ती माझ्या पावाला?"

त्याने तोंड उघडलं.

"नको!" मावशीने हात वर केला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "नको सांगूस. आज सांगितलंस तर मी उद्या पुन्हा विचारीन."

वर्ना डबी परत पिशवीत घालत होती. मावशीने हात पुढे केला. "आण ती इकडे, बाई," ती इंग्रजीत म्हणाली. "गुडघे मलाही आहेत."

लोक खोळंबले होते. सेबियो त्यांच्याकडे वळला. "ही दळणाची खोली," तो म्हणाला. "हे तीन पाटे. पहिला खरबरीत, दुसरा मध्यम, तिसरा गुळगुळीत. बायका इथे मका दळत." आणखी काय सांगायचं ते त्याला आठवेना. कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही. एका माणसाने पाट्यांचा फोटो काढला. फेरी वेळेच्या बरीच आधी संपली.

त्यानंतर सेबियो इतर वाटाड्यांसारखाच सनावळ्या सांगू लागला. लोक घड्याळं बघत, पण तो सांगे. आईला नमस्कार सांगा, असं आता कुणी म्हणत नाही. मावशीने बरेच दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मिरच्या वाळत घालायच्या दिवसांत, एका सकाळी, ती कॉफीचा पेला घेऊन आली आणि नेहमीच्या जागी बसली.

"काल आली होती," ती म्हणाली.

सेबियो झटकन उठला. "मी काही बोललो नाही, मावशी. शपथ."

"माहीत आहे. दारात नव्हती. पलीकडे, नदीच्या अंगाला चालली होती. माझ्याकडे पाठ. झपाझप चालत होती रे, पोरीसारखी. पाय स्वच्छ होते."

मग त्याने विचारलं, "हाक नाही ना मारलीस?"

"दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, बाबा," मावशी म्हणाली. "दिसेनाशी होईपर्यंत."