बाळ पोटावर घेऊन

पत्नी एसटीत वाहक आहे. बाळंतपणासाठी ती माहेरी, शेलूबाजारला गेली, तेव्हाच रजेनंतर पुन्हा गाडीवर जायचं तिने ठरवलं होतं. बाळ झालं आणि कंबर साथ देईना. बाळाला घेऊन थोडं चाललं तरी ती भिंत धरायची. चालत्या गाडीत तिकिटं काढताना धरायला भिंत नसते, आणि आगारातलं टेबलावरचं काम तिला नको होतं.

वाशीमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हलके व्यायाम दिले. दोघांनी मिळून, बाळाला सोबत घेऊन करा, म्हणाल्या. पहिला व्यायाम नुसत्या श्वासाचा. उताणं झोपायचं, गुडघे वाकवायचे, बाळ छातीवर घ्यायचं आणि श्वास घेताना पोट वर येऊ द्यायचं.

तिचं पोट वर येईना. सासूबाईंनी जुन्या लुगड्याचा पट्टा करकचून बांधला होता. आमच्याकडे बाळंतिणीचं पोट असंच बांधतात.

"सैल कर ना माय थोडा."

"अन् पोट सुटलं त लोक मलेच बोलतीन."

पत्नीने वाद घातला नाही. तसाच पट्टा, तितकाच घट्ट, तिने आईच्या पोटाला बांधला आणि तिला शेजारी सतरंजीवर झोपवलं.

"आता फुगव पोट."

सासूबाईंनी दोनदा प्रयत्न केला. "दम कोंडून राह्यला बाई माहा. सोड." स्वतःची गाठ सुटल्यावर त्यांनी लेकीचीही सोडली.

मग रोज सतरंजी पडू लागली. बाळ पोटावर घेऊन पत्नी कंबर हळूहळू उचलायची. सुट्टीच्या दिवशी मी पोचलो की बाळाला छातीशी धरून, हात न टेकता खुर्चीवरून ऊठबस करायचो.

"जावईबापू, बाळंतीण थे हाये का तुमी? काहून धापा टाकून राह्यले?" सासूबाई विचारायच्या.

दुखलं की पत्नी थांबायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जायची. तिने घाई केली नाही, खंडही पडू दिला नाही. इतकी चिकाटी मी जवळून क्वचितच पाहिली आहे.

रजा संपल्यावर तिने गाडीच मागितली. पहिल्या फेरीला सासूबाई आणि मी बाळाला घेऊन मागच्या सीटवर बसलो. मंगरुळपीरच्या अलीकडे रस्त्यात म्हशी आल्या, चालकाने ब्रेक दाबला. उभे प्रवासी एकमेकांवर गेले. ती पाय रोवून उभी होती, दोन्ही हात मशीनवर. तिकीट पूर्ण निघाल्यावर ती आमच्यापर्यंत आली.

"कुठं?" तिने विचारलं. "सुट्टे द्या."