कॉलरमधली सुई

माझ्या दादाच्या शर्टाच्या कॉलरमागे एक सुई कायम टोचलेली असायची. शर्ट धुवायला टाकताना ती काढायची, धुतलेल्या शर्टाला लावायची आणि मगच शर्ट अंगात चढवायचा. आमचं काचेचं दुकान आहे. तावदानं, शोकेस, आरसे, फोटोच्या चौकटी. काच कापली की कण उडणारच आणि बोटात कण गेला की सुई लागणारच. दादाच्या बोटात गेला तर माझा नवरा काढायचा, नवऱ्याच्या बोटात गेला तर दादा. दादाचा हात इतका हलका, की कण निघाल्याचं कळायचंसुद्धा नाही. मग सुई पँटला पुसायची आणि परत कॉलरमध्ये. माझ्या लग्नाच्या आधीपासून हे दोघे एकत्र काम करतात. ती सुई कधी बदलली असेल तर हरवली तेव्हाच.

दादा अबोल, पण भित्रा नव्हता. पुरुषभर उंचीची काच हे दोघे उघड्या हातांनी जिन्यावरून न्यायचे तेव्हा मी डोळे गच्च मिटून घ्यायची, आणि हा शीळ वाजवत पायऱ्या चढायचा. हातमोजे घातले की काचेचा अंदाज जातो, असं त्याचं म्हणणं. वहिनी गेल्यापासून तो आमच्याकडेच जेवतो आणि कधी जेवणाला नावं ठेवत नाही. माझ्या नवऱ्याला हे आजवर साधलेलं नाही.

तर या दादाला हर्निया झाला. ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि ऑपरेशन राहिलं बाजूलाच, डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, "हिपॅटायटिस सी आहे. काविळीच्याच जातीचा, रक्तातून पसरणारा. घाबरू नका, गोळ्यांनी बरा होतो."

दादानं एकच विचारलं, "काचेचं काम करतो. चालेल ना?"

"चालेल की, हर्नियाचं ऑपरेशन होईपर्यंत पट्टा बांधून. ताट-वाटी वेगळी करू नका, त्यानं काही होत नाही. फक्त रक्ताचं जपा. कापलं तर लगेच झाकायचं. ब्लेड, सुई असलं काही कुणाबरोबर वापरायचं नाही."

दादाचा हात आपोआप कॉलरकडे गेला. मी ते पाहिलं.

गोळ्या लगेच मिळणार नव्हत्या. आधी रक्ताची आणखी एक तपासणी, मग यकृताचा स्कॅन, आणि स्कॅनचं यंत्र बंद पडलेलं. "घाई नाही," बाई समजुतीनं म्हणाल्या, "हा आजार वर्षानुवर्षं अंगात असतो आणि कळतही नाही. काही आठवड्यांनी फरक पडत नाही." त्यांनी धीर द्यायला म्हणून सांगितलं, पण 'वर्षानुवर्षं' हाच शब्द दादाच्या मनात रुतून बसला. वर्षानुवर्षं म्हणजे वर्षानुवर्षांची सुई.

बाहेर आल्यावर म्हणाला, "भावजींना सांगू नकोस."

"का म्हणून?"

"गोळ्या सुरू झाल्या की मीच सांगतो. आत्ता कळलं तर माझ्याबरोबर काच कोण उचलेल?"

"आणि त्यांना झालं असलं तर?"

तो पुढे चालायला लागला. मी म्हटलं, "रविवारपर्यंत थांबते. तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार. नवरा माझा आहे."

एवढं सुनावून घरी आले खरी, पण माझंही धाबं दणाणलं होतं. नवरा समोर जेवत होता, मीठ कमी म्हणून कुरकुरत होता, आणि मी त्याच्या बोटांवरचे जुने वण बघत होते. यातला कुठला वण असेल?

दादानं सुई काढली. फेकावी तर कुणाला टोचेल, म्हणून औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातली, झाकणावरून चिकटपट्टी गुंडाळली आणि बाटली आपल्या पेटीत कुलपात ठेवली. माझ्याकडे जेवायला आला तर ताट स्वतः घासायला लागला. मी ताट ओढून घेतलं. "बाई काय म्हणाल्या? कानात बोळे घातले होतेस का?" तो नुसता हसला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नळाखाली उभा.

आरशांच्या दुकानात डोळे पिवळे झाले का हे बघायची सोय फार. गिऱ्हाईक नसलं की दादा एका आरशात खालची पापणी ओढून बघायचा, मग शेजारच्या आरशात. स्वस्तातला आरसा थोडी हिरवट झाक दाखवतो, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक. तरी हिरव्यात पिवळं शोधायचा. शीळ बंद झाली, हातात जाड हातमोजे आले आणि नजर सारखी माझ्या नवऱ्याच्या बोटांकडे.

"काय दादा," माझा नवरा म्हणाला, "नवऱ्यामुलासारखे हात जपायला लागलात! स्थळबिळ आलंय की काय?"

दादा हसला नाही. मीही.

मग माझ्या नवऱ्याच्याच बोटात कण गेला. "दादा, सुई द्या."

"हरवली."

हे माझ्याकडे आले, शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन गेले आणि काम झाल्यावर ती स्वतःच्या कॉलरला लावून मोकळे झाले. मला आत कुठेतरी बरं वाटलं. सुई नवी होती ना.

शनिवारी एका कापडदुकानाची काच कापायची होती. दादानं हातमोजा काढला होता, रेघ नीट मारता येईना म्हणून. मी काउंटरवर होते. काच मोडल्याचा नेहमीचा टक् असा आवाज आला, आणि मग दादाचा ओरडा.

"हात लावू नका!"

मी धावले. दादाच्या अंगठ्यात कण गेला होता, रक्त टेबलावर ठिबकत होतं आणि दुसऱ्या तळव्यानं तो ते झाकत होता. हे सुई हातात घेऊन समोर उभे. "अहो, कण आहे, साप नाही. आणा इकडे."

"लांब व्हा म्हटलं ना!"

इतक्या वर्षांत दादानं आवाज चढवलेला आम्ही ऐकला नव्हता. हे खरंच दोन पावलं मागे सरले. मग दादा टेबलाकडे बघतच बोलला. आजार, रक्त, गोळ्या, सगळं. शेवटी म्हणाला, "आपली सुई एकच होती, भावजी."

यांनी हातातली सुई टेबलावर ठेवली, दाराशी उजेडात गेले आणि दोन्ही हात पसरून स्वतःची बोटं बघत राहिले. मग वळून म्हणाले, "मला हे आधी सांगायला काय झालं होतं?" आवाजात राग होता, पण त्याहून भीती जास्त. ती मला ओळखू येते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तपासणीसाठी रक्त दिलं. रिपोर्ट यायचा होता तेवढ्यातच कापडदुकानाची काच बसवायची होती. दादा गाडीपाशी एकटाच उभा राहिला, हे येतील की नाही याचा भरवसा नसतानाही. हे आले. काचेची दुसरी बाजू धरली. दोघांनी हातमोजे घातले होते आणि दोघं काचेकडेच बघत होते. ती काच बसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

रिपोर्ट आला. यांनाही तेच.

दादा स्टुलावर बसला. "मी दिला," एवढंच म्हणाला. त्या दिवशी जेवायला आला नाही. हाक मारायला गेले तर दार लोटून म्हणाला, भूक नाही.

घरी परतले तर हे पाय पोटाशी घेऊन पलंगावर. म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधी रक्त चढवलं होतं का. लग्नाआधी पाय मोडला होता ना माझा, तेव्हा चढवलं होतं. कदाचित त्यातूनच आला असेल. म्हणजे मला आधी. माझ्याकडून दादांना." पुढे म्हणाले, "त्यांना सांगू नकोस."

माझं डोकंच फिरलं. "तुम्हा दोघांना माझ्या तोंडाला कुलूप लावण्यापलीकडे काही सुचतं का?"

दुसऱ्या दिवशी दादाला हाताला धरून जेवायला आणलं, दोघांना समोरासमोर बसवलं आणि सांगून टाकलं. रक्त चढवलं होतं, आजार तिथून आला असेल किंवा नसेल, कुणाकडून कुणाकडे गेला हे बाईसुद्धा सांगू शकत नाहीत.

दादाचे खांदे खाली आले. किती दिवसांनी त्याचा चेहरा सुटलेला दिसला. "म्हणजे माझ्यामुळेच असं काही नाही?"

आणि मग त्यानं यांच्याकडे पाहिलं. हे घास हातात धरून दादाच्या बोटांकडे बघत होते, त्या वणांकडे, अगदी दादा इतके दिवस यांच्या बोटांकडे बघायचा तसे. दादाचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं पाण्याचा घोट घेतला.

"सुई माझ्या कॉलरला होती, भावजी. माझ्याकडूनच धरा."

"अहो, असं कसं..."

"माझ्याकडूनच. जेवा आता."

त्यानंतर हा विषय दोघांत निघाला नाही. यंत्र दुरुस्त झालं, स्कॅन झाले, गोळ्या पुढच्या आठवड्यात. काल त्यासाठीच दोघांना घेऊन गेले होते. बाई कागद भरता भरता मला म्हणाल्या, "तुम्हीही दुकानात असता ना? तुमच्या बोटात कधी कण गेला असेल?"

मला हसूच आलं. काउंटरवर बसून चौकटी पुसते, कण जाणार नाही तर काय होणार? दादाच काढायचा, इतका हलका हात... बोलता बोलता मी थांबले. दोघं मान खाली घालून बसले होते. इतके दिवस दोघांची काळजी वाहत होते, आणि हे माझ्या मनातच आलं नव्हतं. त्यांच्या मनात आलं होतं.

उद्या माझा रिपोर्ट. आज सकाळपासून दोघांनी मला एकाही काचेला हात लावू दिला नाही. चहा दादानं केला, कप यांनी आणून दिला. कप देताना दोघांपैकी कुणीही माझ्या बोटांकडे पाहिलं नाही.