युसेबिओने काढलेली खोकी

बंद खोक्यावर तळवा ठेवायचा, फटीशी नाक न्यायचं आणि म्हणायचं, "आत तीन टोमॅटो सडलेत." उघडलं की तीनच निघायचे. युसेबिओ तावारेसचं हे नाक ब्राँक्सच्या घाऊक बाजारात सगळ्यांना माहीत होतं. मी शेजारच्या गाळ्यावर कांदे विकायचो.

ब्रुस्कातो नावाच्या अडत्याकडे तो अकरा वर्षं हमाल होता. फ्लोरिडाहून टोमॅटोची गाडी आली की ब्रुस्कातो सरकारी तपासनिसाला बोलवायचा. नियमाप्रमाणे तपासनिसाने स्वतः गाडीत चढून हवी ती खोकी निवडायची. पण गाडीत गारठा असतो आणि तपासनिसाला गुडघे असतात. हमालाने खोकी खाली आणून द्यायची, अशी वहिवाट पडून गेली होती. युसेबिओ चांगल्या मालातून नेमकी सडकी खोकी हुडकून आणायचा. दाखल्यावर 'माल खराब' असं पडायचं आणि तो दाखला पुढे करून ब्रुस्कातो शेतकऱ्याचा भाव पाडायचा.

"तुला काही वाटत नाही?" मी एकदा विचारलं.

"का वाटावं? मी काय चांगला टोमॅटो सडवला? होता सडका, तो आणला. साहेबाने डोळ्यांनी पाहिलं, ते लिहिलं. यात खोटं कुठंय, दाखव की."

"आणि गाडीतली बाकीची खोकी?"

"कांदेवाल्या, तू तुझे कांदे सोल."

मार्चमध्ये फेडरल पोलिसांनी एका सकाळी तपासनिसांना आणि ब्रुस्कातोला उचललं. टोळी करून शेतकऱ्यांना लुबाडल्याचा आरोप. जामिनावर सुटताच ब्रुस्कातोने युसेबिओला निरोप धाडला: तोंड उघडू नकोस, तुझी नोकरी कुठे जात नाही. या देशात राहण्याच्या युसेबिओच्या कागदांवर ब्रुस्कातोचीच सही होती. ते उपकार युसेबिओ विसरला नव्हता.

तपासाच्या बाई, रूर्क त्यांचं नाव, त्याच्या घरी आल्या. सरकारी इंग्रजीची धास्ती, म्हणून त्याने मला शेजारी बसवून घेतलं. त्याची बायको आल्ताग्रासिया हिने कॉफी ठेवली.

"गेल्या फेब्रुवारीत सहा दिवस तुम्ही कामावर नव्हतात," बाई म्हणाल्या.

"आई वारली. माझ्या देशात, गावी गेलो होतो, मोकाला."

"त्या सहा दिवसांत सात गाड्या आल्या." त्यांनी दाखल्यांच्या नकला टेबलावर पसरल्या. "सगळ्यांवर खराबी अठरा टक्के. खोकी कोणी काढली?"

युसेबिओने एकेक कागद उचलून पाहिला.

"कोणीच नाही," बाईच म्हणाल्या. "तपासनीस ऑफिसात बसून लिहायचा, पाकीट घ्यायचा, जायचा."

"मी असायचो तेव्हा तरी बघत होता ना?"

"गाडी यायच्या आधी भरलेले दाखलेही आम्हाला सापडलेत."

आल्ताग्रासिया दारातूनच म्हणाली, "एवढा नाकाचा तोरा मिरवलास! त्यांना नाक लागतच नव्हतं, बाबा."

तो हसला नाही. बाई गेल्यावरही त्या कागदांच्या जागेकडे बघत बसला. अकरा वर्षं ज्याला तो खरेपणा म्हणत आला, तो कोणी तपासलाच नव्हता. मला वाटलं, अपमानाने आता तो साक्ष देईल. दिलीही, पण मला वाटलं होतं तशी नाही.

कोर्टात सरकारी वकिलाने त्याला आधीच बजावलं होतं, पाकिटांचं तेवढं सांगा, स्वतःचं काही नको. पाकिटांचं सांगून झालं, तरी युसेबिओ उठेना.

"ते बघत नव्हते," तो म्हणाला. "मी बघायचो. सडकी चार काढायची तर चांगली शंभर हाताखालून घालावी लागतात. माल चांगला आहे हे त्या बाजारात फक्त मला ठाऊक असायचं."

"तुम्हाला ते विचारलेलं नाही," न्यायाधीश म्हणाले.

"नाही विचारलं, साहेब. इतकी वर्षं कोणीच विचारलं नाही. पण लिहून घ्या."

टंकलेखक बाईंनी न्यायाधीशांकडे पाहिलं. न्यायाधीशांनी होकाराची मान हलवली. मग युसेबिओ पहिल्यापासून, सावकाश, बाईंची बोटं थांबतील तिथे थांबत, पुन्हा सांगू लागला.