वैनीची वाटी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर वेडंवाकडं. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. तोंडाने बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते. माझी थोरली जाऊ, शालिनी वैनी, जाऊन दीड वर्ष झालं.

आमची घरं एका भिंतीची. तिच्याकडून वाटीभर काही आलं की वाटी रिकामी परत जायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. इतकी वर्षं आमच्यात वाट्याच बोलल्या, मी नाही. मग तिला कॅन्सर झाला, औषधांनी केस गेले. त्याच सुमारास ऋजुता, मुंबईत कला शिकलेली आमच्याच वाडीतली मुलगी, तिने मालवणात बंदराजवळच्या जाळ्यांच्या शेडमध्ये लोकांना बघायला एक काळोखी खोली केली. दोघांनी समोरासमोर बसायचं, कपाळाला पट्टा बांधायचा. तो म्हणे मेंदूतल्या लहरी पकडतो. समोरच्याला काय द्यावंसं वाटतं ते मनात आणलं की वर टांगलेल्या जाळ्यातले दिवे आपल्याकडून त्याच्याकडे पेटत जातात. “काळोखात माजी टकली कोणाक दिसणा नाय, चल गो!” वैनी म्हणाली. चार माणसांत जायचं म्हणून मी डोक्याला चोपून तेल लावलं.

वैनीचे दिवे सरसर माझ्या डोक्यावर आले. मी मनात म्हणत होते, देवा, माझी वर्षं हिला दे... माझ्या बाजूचा एकही दिवा पेटला नाही. “अगो, तुज्या मनात माज्यासाठी काळोखच मां?” वैनी हसली. मस्करीच ती. पण परतताना रिक्षात ती बाहेरच बघत राहिली, आणि मला तोंड उघडता आलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू... तीन आठवड्यांत ती गेली.

तेराव्याला ऋजुता आली. माझे दिवे का पेटले नाहीत, धीर करून तिला विचारलं. ती माझ्या केसांकडे बघत राहिली. “काकी, त्या दिवशी तुमचं तेल कपाळावर उतरलं होतं. तेल असलं की पट्ट्याला काही कळत नाही. मी आधी पुसायला सांगायला हवं होतं. आणि तो माया मोजत नाही हो...” पुन्हा पट्टा लावून बघूया का, म्हणाली.

“आता बघणारी खंय आसा?” मी म्हटलं.

वैनीकडून शेवटची आलेली लोणच्याची वाटी माझ्याकडेच आहे. रिकामी ठेवायची नाही म्हणून तांदूळ घालून ठेवते. किडे झाले की पाखडते आणि नवे घालते.