माडाच्या मुळाशी सापडलेली चोच

चि. मीरा आणि चि. निखिल,

आजोबांचा शेवटचा निबंध का छापला गेला नाही, असं तुम्ही पत्रातून विचारलंत. तुमच्या आईला मी इतकी वर्षं "तब्येतीमुळे" एवढंच सांगत आले. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मला आता सत्त्याहत्तरावं लागलं आहे आणि ही हकीकत ठाऊक असलेलं दुसरं कोणी उरलेलं नाही. म्हणून पालघरकडच्या दांडीचा तो प्रवास क्रमाने लिहिते.

तुमचे आजोबा मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांचा विषय माकूल (स्क्विड) आणि अष्टपाद (ऑक्टोपस). कोळ्यांच्या जाळ्यात या प्राण्यांच्या दोन-तीनच जाती येत. मोठे मासे मात्र जाळ्यात न येणाऱ्या जातीही शोधून खातात. माकुलाचं मऊ अंग माशाच्या पोटात विरघळतं, पण तोंडातली चोच पचत नाही. ती पोपटाच्या चोचीसारखी बाकदार, काळपट तपकिरी असते आणि प्रत्येक जातीची निराळी. आजोबा किनाऱ्यावर बसून माशांची पोटं तपासत आणि कुठल्या माशाने काय खाल्लं त्याची यादी करत.

एका मुशीच्या (लहान शार्कच्या) पोटात त्यांना हरभऱ्याएवढी एक चोच मिळाली. आतल्या कडेला एक बारीक दात असलेली अशी चोच त्यांनी कधी पाहिली नव्हती. "एक चोच म्हणजे अफवा. दुसरी मिळाली तर बातमी," ते म्हणत. त्या दुसऱ्या चोचीसाठी निबंध अडला होता. आणि मग त्यांचं हृदय बिघडलं. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला बंदी केली. हंगाम वाया जाऊ नये म्हणून मी निघाले. तारापूरला अणुवीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. पौष महिना होता. नववीतल्या तुमच्या आईला मी त्यांच्याजवळ ठेवलं.

पालघरला सकाळी उतरले आणि टांग्याने सातपाटीला गेले. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते. होड्या नुकत्याच लागल्या होत्या आणि बायका वाळूत बसून मासे कापत होत्या. माझ्या हातातल्या चिमटा-बाटल्या पाहून एकीने ओळखलं.

"चोचीवाले मास्तर नाय आले?"

"आजारी आहेत."

"म्हनून बायकोला धाडली घान काढाया?" शेजारची म्हणाली. बाकीच्या हसल्या. मग तिनेच स्वतःचा पाट माझ्याकडे सरकवला. "बस बाय. लुगडं वर घे, नायतर घरी कोन जवळ घेनार नाय."

त्यांनी घोळ मासे उघडले. घोळीच्या पोटातली हवेची पिशवी (तिला बोत म्हणतात) त्या फार जपून काढतात, कारण तिला गिऱ्हाईक दूरदूरचं. उरलेलं आतडं-पोट माझ्यापुढे येई. दुपारपर्यंत मी आठ पोटं तपासली. कोलंबी निघाली, लहान मासे निघाले, एक नेहमीच्या माकुलाची चोच निघाली. प्रत्येकाची चिठ्ठी केली: मासा, गाव, तारीख. चिठ्ठीवाचून चोच म्हणजे नुसता कचरा, हे मी आजोबांकडूनच शिकले होते.

"मुशी पायजे तं दांडीला जा," पाटवाली म्हणाली. "हिराबायकडं."

हिराबाईचं नाव मला ठाऊक होतं. दिवाळीतच तिला पोस्टकार्ड गेलं होतं. आजोबांनी सांगितलं आणि मी लिहिलं: "मुशीची पोटं मिठात घालून ठेवावीत. आम्ही येऊन घेऊन जाऊ." तिथल्या शाळामास्तरांनी ते तिला वाचून दाखवलं होतं.

ती रात्र पालघरला ओळखीच्या एका शिक्षिकेकडे काढली आणि सकाळच्या गाडीने बोईसरला गेले. स्टेशनबाहेर सिमेंटची पोती, लोखंडी सळ्या आणि हिंदी बोलणारे मजूर. एका ट्रकवाल्याने मला पुढे बसवलं.

"दांडी में क्या काम है, माँजी?"

मी मोडक्या हिंदीत सांगितलं, मछली का पेट देखना है.

त्याने माझ्या बाटल्यांकडे पाहिलं. "मछली भी बीमार पड़ती है?" त्याने विचारलं.

त्याने सोडलं तिथून मी पायी निघाले. एका बाजूला मिठागरांचे चौकोन, पुढे ताडांची रांग, आणि मग एकदम समुद्र.

हिराबाई पन्नाशीची, उंच, कानांत जड सोनं. मास्तर आजारी आहेत ऐकल्यावर ती खाली बसली. मग उठून तिने आधी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. "पहिलं खा. पोटं कुटं पळून नाय जात." जेवण झाल्यावर तिने आतून चिनी मातीची बरणी आणली.

मी झाकण काढलं. आत मिठात मुशीची अकरा पोटं होती. उलटी करून, राखेने घासून, धुऊन ठेवलेली. धुतल्या धोतरासारखी पांढरी.

"आतलं काय केलंत?" मी विचारलं.

"आतलं? टाकलं. घान होती, बाय."

माझं तोंड पाहून तिला कळलं. "शिकल्यासवरल्या मानसाच्या हाती घान कशी देनार आमी? कार्डात तं पोटं ठेवा म्हंटलेलं. आतलं ठेवा कुटं म्हंटलेलं?"

नव्हतंच म्हटलेलं. दर वर्षी पोट उघडताना आजोबा समोर असत, म्हणून कधी सांगावं लागलं नव्हतं. "न धुता" हे दोन शब्द लिहायचे मला सुचले नव्हते.

"टाकलं कुठे?"

"माडाला. खत नाय का."

माशांची घाण माडाच्या मुळाशी पुरायची, हा तिथला रिवाज. चोच कुजत नाही. मी पदर खोचला. हिराबाईने कुदळ घेतली. आम्ही घरामागच्या तीन माडांच्या बुंध्याशी खणलं आणि ती माती पिठाच्या चाळणीतून विहिरीच्या पाण्याने धुतली. खवले, काटे, शिंपले. मग चोची येऊ लागल्या, डाळीएवढ्या, मिरीएवढ्या. उन्हं कलताना चाळणीच्या काठाला एक अडकलेली दिसली. मी ती भिंगाखाली धरली. आतल्या कडेला तसाच बारीक दात होता.

"हीच?" हिराबाईने विचारलं.

"हीच. पण कुठल्या माशाची?"

तिने खड्ड्याकडे पाहिलं. त्या मातीत मुशी होती, घोळ होती, वाम होती, आणि किती वर्षांची, ते तिलाही सांगता येईना. तिचा लेक गेल्या साली मासेमारीसाठी वेरावळकडे गेला होता. तिकडचे मासेही इथेच साफ झाले होते. ही चोच आपल्या किनाऱ्यावरची की गुजरातेतली, तेही सांगता येत नव्हतं.

हिराबाई हात धुऊन माझ्याजवळ बसली. "लिव, बाय. मुशीची, दांडीची. हिरानं सोताच्या हातानं काढली म्हनून लिव. मास्तर इचारायला आले तं मी तेच सांगन. चूक माजी हाय, खोटं पन माज्या डोक्यावर."

"चूक माझी आहे, हिराबाई. कार्ड मी लिहिलं."

"मंग दोगींची," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत कोरी चिठ्ठी माझ्या मांडीवर होती. पेन्सिल दोनदा टेकवली. घर येईपर्यंत चिठ्ठी कोरीच राहिली.

आजोबा उशांना टेकून बसले होते. भिंग डोळ्याशी धरून त्यांनी चोच फिरवून पाहिली. आजारपणानंतर त्यांचा चेहरा तसा मी पहिल्यांदाच पाहिला. "तीच," ते म्हणाले. "तीच आहे, अगं. मासा कुठला? चिठ्ठी दे."

मी सगळं सांगितलं. पोस्टकार्ड, राख, माड, वेरावळ. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"'न धुता' हे मीच सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "यादीत घालू नकोस. ती ओळ मोकळी ठेव. पुढच्या हंगामाला मीच जाईन."

होळीच्या आधी ते गेले. ओळ मोकळीच राहिली, आणि तेवढ्यासाठी निबंध छापायचा राहिला. चैत्रात दांडीहून कोणाच्या तरी हाती एक डबा आला. मिठात मुशीची सहा पोटं होती, न धुतलेली, तोंडं सुतळीने बांधलेली. मास्तर गेल्याचं हिराबाईला कळलं नव्हतं. मी ती सगळी उघडून तपासली. त्यांत तशी चोच नव्हती. मी तिला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं.

"मुशी" एवढा एक शब्द मी म्हटला असता, तर शेवटचे दोन महिने ते त्या आनंदात राहिले असते. इतकी वर्षं मी यावर विचार केला आहे. बरोबर काय होतं, ते मला अजून सांगता येत नाही. गाडीत असताना मला वाटलं होतं की मी त्यांच्याशी प्रामाणिक राहते आहे. त्यांनी भिंग खाली ठेवलं तेव्हा तसं वाटलं नाही.

दोन्ही चोची माझ्याजवळ आहेत, दोन लहान बाटल्यांत. एकीच्या चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात मासा, गाव आणि तारीख आहे. दुसरीवर माझ्या अक्षरात आहे: दांडी, माडाच्या मुळाशी. मासा माहीत नाही.