उजवीकडचं बटण

क्लासातल्या किश्श्यांचं की-बोर्डमधल्या धुळीसारखं असतं. साचताना दिसत नाहीत. उलटा करून झटकला, की सगळे एकदम टेबलावर.

कुडाळच्या आमच्या क्लासात साव्हियो सर खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम शिकवायचे. प्रोग्रॅम नुसता वाट बघतो, कोणी क्लिक केलं की तो झाला इव्हेंट, आणि त्या इव्हेंटसाठी लिहिलेला कोड तेवढा चालतो, हा त्यांचा पहिला धडा. आरोंद्याच्या सुलभाने विचारलं, कोड लिहिलाच नाही तर? सर म्हणाले, बटण दबतं, होत काही नाही.

"म्हणजे आमच्या गावचो तलाठी," सुलभा म्हणाली आणि लिहून घेतलं.

*

मी एकदा 'छापा' या बटणाचा कोड क्लिकऐवजी माउस हलण्याच्या इव्हेंटमध्ये लिहिला. प्रिंटर सुरू झाला. तो थांबवायला मी घाईघाईने माउस हलवला.

*

सुलभाचा फॉर्म त्याहून वरचढ. नावाची चौकट रिकामी सोडली की "नाव भरा" आणि कर्सर परत नावात. गावाची सोडली की "गाव भरा" आणि परत गावात. दोन्ही रिकाम्या राहिल्या की दोघी एकमेकींना सोडेचनात.

"या जावा आहेत. मेन स्विच बंद कर," सर म्हणाले.

*

मग सरांना मालवणच्या एका बर्फाच्या कारखान्यासाठी नोंदींचा प्रोग्रॅम बनवायचं काम मिळालं. ते फसलं तर क्लास बंद करून गोव्याला मेव्हण्याच्या दुकानात बसायचं, असं त्यांच्या घरी ठरलेलं. आम्हाला त्यांची फार काळजी वाटत होती.

कारखान्यात नोंदी ठेवणारे भाऊ म्हणजे गावच्या देवळातले मानकरी. कुठल्या होडीने किती बर्फ नेला ते दिवसभर कॉम्प्युटरवर भरायचे, आणि सकाळी सगळं कोरं. मालकाने सांगितलं, आज जमलं नाही तर मशीन उचला.

सर आणि मी भाऊंच्या मागे जाऊन बसलो. नोंद बरोबर. 'सेव्ह' दाबलं. नोंद ठेवायची का, असा प्रश्न आला. खाली इंग्रजीत डावीकडे येस, उजवीकडे नो. भाऊंना इंग्रजी येत नव्हतं. विचारलं की होकार द्या, एवढंच सरांनी शिकवलेलं. भाऊंनी डोळे मिटले, हात जोडले आणि उजवीकडचं दाबलं.

सरांनी विचारलं, उजवीकडचंच का?

"देवळात कौल लावलो काय होकार उजवोच येता मा? डावो कौल घेवन काम कोण सुरू करता?"

सरांनी तिथेच बसून नवी चौकट बनवली, होकार उजवीकडे. त्या दिवसापासून नोंदी राहू लागल्या आणि मालकाने मशीन ठेवून घेतलं.

निघताना भाऊंनी सरांना बाजूला घेतलं.

"सर, ह्यो तुमचो नवो देव बरो आसा. आदलो खंयचो होतो?"