वाट्याला आलेला अध्याय

आमच्या पेणच्या गुरुवारच्या सभेचा एक नियम होता. जिच्या घरी सभा, तिच्या वाट्याला पवित्र शास्त्रातला पुढचा अध्याय; जो येईल तो. आवडीचा निवडायचा नाही, कंटाळवाणा गाळायचा नाही. आणि शेवटची प्रार्थनाही त्या घरच्या बाईनेच करायची, जमलेल्या सगळ्यांसाठी, मोठ्याने. नियमाच्या पहिल्या भागाची मला मुळीच धास्ती नव्हती. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेलं, त्यामुळे अध्याय कसलाही असो, त्याची फोड करून सांगणं हा माझ्या डाव्या हातचा मळ. धास्ती होती ती दुसऱ्या भागाची, कारण मला प्रार्थना करता येत नव्हती. आठ महिने झाले होते. हे कोणाला कळू नये, एवढी एकच काळजी मी त्या दिवसांत मनापासून वाहत होते.

येत नव्हती म्हणजे शब्द येत नव्हते असं नाही. शब्दांची मला कधीच ददात नव्हती, घरच्यांना विचारा. डोळे मिटले की आत नुसता संताप उसळायचा. त्या संतापाचं मूळ रोह्यात होतं.

माझे यजमान रोह्याला एका कंपनीत होते आणि आम्ही वरसे गावात राहायचो. तिथं आमच्याच पुढच्या खोलीत विश्वासी मंडळी जमायची. कंपनीतल्या माणसांच्या शिफ्ट सांभाळून उपासनेची वेळ ठरे, कधी सकाळी, कधी दुपारी चारला. शास्त्राचा पाठ मी द्यायचे. चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, महिन्यातून एकदाच येत, बाकीच्या रविवारी तिथली पाळक जणू मीच, असा माझा तोरा असे. यजमान हसून म्हणत, "देवाने बोलायचं ठरवलं तर त्यालासुद्धा तुझी परवानगी काढावी लागेल." ते म्हणत त्यात तथ्य होतं.

पुढे ते आजारी पडले. पावसाळा संपता संपता अंथरुणाला खिळले. मंडळी रोज येऊन प्रार्थना करत होती. एका रविवारी साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची, वेळ आली तेव्हा मी उभी राहिले आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की माझे यजमान नाताळच्या उपासनेला स्वतःच्या पायांनी चालत येणार, प्रभूने मला तसं कळवलं आहे. प्रभूने काही कळवलं नव्हतं. मला तसं व्हायला हवं होतं, आणि मी मोठ्याने बोलले की ते व्हायचंच, अशी मला आयुष्यभराची सवय होती. साक्ष झालेल्या गोष्टीची देतात. मी आगाऊच देऊन बसले.

ते दिवाळीच्या आधीच गेले. वरसेतल्या कोणी त्या साक्षीची मला आठवण करून दिली नाही, उलट आळीपाळीने डबे आणले, रात्री सोबतीला झोपायला आले. त्यांच्या चांगुलपणानेच मी अधिक चिडत होते. देवाने मला तोंडघशी पाडलं, असं मला वाटे, आणि नवरा गेल्याच्या दुःखात हा अपमान मिसळलेला आहे याची वेगळी लाजही वाटे. मुलगी पेणला रामवाडीत राहते. ती म्हणाली, "आई, चल माझ्याकडे." मी एका शब्दाने विरोध केला नाही, याचं तिला फार नवल वाटलं.

पेणची गुरुवारची सभा म्हणजे दहा-बारा बायका. कोणी पापड लाटायला जाणारी, कोणी दवाखान्यात आया, कोणी घरीच असणारी. मी शिक्षिका होते हे कळताच त्यांनी अध्याय समजावून सांगायचं काम माझ्याकडे दिलं. मी नाही म्हणाले नाही. डोकं ठीक चालत होतं. वचनाचा अर्थ सांगताना मला बरंसुद्धा वाटे, तेवढा तास राग बाजूला राही. पण नंतर गोलात एकेकीने दोन-दोन वाक्यं प्रार्थना करायची पद्धत होती. माझी पाळी आली की मी खोकल्याची उबळ आल्यासारखं करायचे, किंवा शेजारणीच्या दंडाला हळूच बोट लावायचे. ती आपली प्रार्थना सुरू करी आणि माझी पाळी बिनबोभाट निघून जाई. माझ्या एका बाजूला बहुतेक कासूची काकी असे. ही माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, कासूच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातली, शेतकरी घरातली. दुपारच्या गाडीने पेणला यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. दुसऱ्या बाजूला डोंगरापायथ्याच्या वाडीवरची एक पोरसवदा सून बसे. ती मजुरीला जायची आणि सभेतच अक्षरं जुळवून वाचायला शिकली होती. दोघी साध्या, त्यांच्या काही लक्षात येत नाही, असा माझा हिशेब होता.

घरी सभा घ्यायची वेळ मात्र मी टाळत आले. कधी मुलीच्या घरी रंगकाम निघालेलं, कधी नळाला पाणी नाही, कधी जावयाची रात्रपाळी आणि दुपारची झोप. यातलं रंगकाम तर साफ खोटं. शेवटी मुलीनेच घात केला. एका गुरुवारी मला न्यायला आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पुढची सभा आमच्याकडे बरं का. आईच्या हातचे रव्याचे लाडू आहेत." बायका खूश. मी घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

त्या आठवड्यात मी एक बेत केला. काकीची गाडी संध्याकाळी ठरलेल्या वेळी सुटायची आणि तिला पोहोचवायला चार-पाच जणी स्टेशनच्या दिशेने निघायच्या. म्हणजे अध्यायाचा अर्थ सांगणं गाडीच्या वेळेपर्यंत ताणायचं. मग घाईघाईत सगळ्यांना पाठ असलेली प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणायची की सुटले. बेत चांगला होता. पण अध्याय कोणता येतो ते पाहायला शास्त्र उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. यरुशलेमेची पडलेली भिंत लोकांनी परत बांधली त्या हकिकतीतला तो यादीचा अध्याय होता. अमक्याने वेशीपासून इथवर बांधलं, त्याच्या शेजारी तमक्याने, त्याच्या शेजारी फलाण्याने. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नावंच नावं. यावर दीड तास काय बोलणार?

गुरुवारी सगळ्या जमल्या, सलाम झाले, गीत झालं. मी सहजच सुचल्यासारखं म्हटलं, "आज आपण याच्या पुढचा अध्याय घेऊ या. यात नुसती नावं आहेत. पुढच्यात कसे शत्रू येतात, कसा पहारा ठेवतात, खूप घेण्यासारखं आहे."

"नाय बाई," काकी म्हणाली. "जो आला तो वाचायचा. माझ्या घरी तर महारोगाचा अध्याय आल्ता, तो नाय वाचला आपण?"

सगळ्या हसल्या. वाडीवरच्या सुनेने वाचायला घेतलं. एकेका नावाशी तिची झटापट चालली होती. दोन नावांपुढे तर तिने सरळ शरणागती पत्करली आणि "हा कोणीतरी" म्हणून पुढे गेली. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं होऊनही अध्याय वीस मिनिटांत संपला. घड्याळाकडे बघत मी म्हटलं, "पाहिलंत? यात विशेष काही नाही. पुढचा घेऊ या."

"विशेष नाय कसा?" काकी म्हणाली. "आमच्या बांधासारखाच हाय की सगळा."

खाडीलगतच्या खारेपाटातल्या बायकांनी माना डोलावल्या. मी रोह्याकडची, मला काही कळेना. तेव्हा काकीने सांगितलं. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाभोवती मातीचा बांध असतो. उधाणाच्या भरतीला कधी त्याला खांड पडते, खारं पाणी आत शिरतं आणि भातजमीन नासते. मग गाव लोटतं. काठीने मोजून घराघराला बांधाचा तुकडा वाटून देतात आणि ज्याचा त्याने तो भरायचा.

"एका साली आमचा तुकडा ऱ्हायला," ती म्हणाली. "ह्यांना टायफाइड, मी बालंतीन. सासरा थकलेला. मला रात्रभर झोप नाय, की आमच्यापायी गावाची शेती बुडनार. सकाली तान्ह्याला घेऊन बांधावर गेले, तर आमचा तुकडा भरलेला. ह्या बाजूचा शेजारी अर्ध्यापर्यंत आल्ता, त्या बाजूचा अर्ध्यापर्यंत. कोनी सांगितला नव्हता त्यांना."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी काय करनार? पानी दिला प्यायला. पुढच्या साली आमी दुसऱ्याचा भरला." मग तिने विचारलं, "बाई, ह्या अध्यायात असा कोन हाय का? ज्याला आपला तुकडा जमला नाय?"

माझ्यातली शिक्षिका लगेच जागी झाली. मी पानावरून बोट फिरवत गेले. बरेच जण आपापल्या घरासमोरची भिंत दुरुस्त करत होते. एक जण आपल्या मुलींना घेऊन कामाला आला होता. काही बड्या लोकांनी मान वाकवली नाही, तेही लिहिलेलं होतं. आणि मग मला दिसलं, की काही नावं दोनदा आली आहेत. यांनी आपला भाग संपवून आणखी एक भाग बांधला. इतक्या वेळा हा अध्याय चाळला होता, पण मला हे कधी दिसलं नव्हतं. मी ते वाचून दाखवलं.

"मग तो दुसरा भाग कोनाचा होता?" काकीने विचारलं.

मी पुन्हा शोधलं. "ते लिहिलेलं नाही."

"बरा केला नाय लिवला ते," ती म्हणाली.

काकी माझ्याकडे बघत नव्हती, लाडवाचा तुकडा मोडत होती. वाडीवरची सूनही खाली बघत होती. त्या दोघींच्या मधे मी बसले होते, माझ्याच मुलीच्या घरी, आणि तिथंही त्याच दोघी माझ्या दोन बाजूंना होत्या. सभा कोणाच्याही घरी असो, मी उशिरा पोहोचले तरी त्यांच्या मधली जागा रिकामी असायची. मी ज्याला योगायोग समजत होते तो इतके महिने टिकला होता.

"काकी," मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"पयल्या गुरवारपासून." मग आजवर मला 'बाई' म्हणणारी ती पहिल्यांदाच एकेरीवर येऊन म्हणाली, "अगो, तुला खोकलासुद्धा नीट करता येत नाय. एक गुरवार मी तुझा तुकडा घेते, एक गुरवार ही घेते. आमी ठरवलाय तसा."

मी शास्त्र मिटलं आणि रडले. लाज वाटली, पण त्याहून मोठा आनंद झाला, हे मी आज कबूल करते. इतके महिने मी एकटीच उभी आहे असं धरून चालले होते आणि तेवढा काळ दोन बायका, ज्यांना मी अर्थ समजावून देत होते, माझ्या वाटचं बोलत होत्या. रोह्यातली सगळी हकिकत मी त्यांना तिथंच सांगितली, आगाऊ दिलेली साक्षही. रंगकामाचंही सांगितलं. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

कोणी समजूत घातली नाही. काकी एवढंच म्हणाली, "राग हाय ना, मग राग सांग त्याला. तुझा घर हाय, शेवटची प्रार्थना तुझी. नाय जमली तर आमी हावच."

आम्ही डोळे मिटले. संताप नेहमीसारखाच उसळला. दोन्हीकडून त्या दोघींचे हात माझ्या हातात आले. बराच वेळ गेला, पण या खेपेस कोणी माझ्याऐवजी सुरुवात केली नाही.

मी म्हटलं, "प्रभू, माझा तुझ्यावर राग आहे."

पुढे काही येईना. तेव्हा कुठल्याही प्रार्थनेला म्हणतात तसं त्या सगळ्याजणी एका आवाजात म्हणाल्या, "आमेन." मग मला पुढचं बोलता आलं.